मैदानावरचे कसब नोकरीपर्यंत कसे न्यावे: महाविद्यालयीन खेळाडूंसाठी

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात नवीन पदवीधरांच्या मुलाखती घेण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. दरवर्षी आलेल्या अर्जांत काही अर्ज तरी असे असतात, की ज्यांच्या शेवटच्या पानावर ‘छंद’ या शीर्षकाखाली, वाचन आणि प्रवास यांच्या मधोमध, ‘खो-खो, आंतरविद्यापीठ सहभाग’ एवढेच लिहिलेले असते. जो उमेदवार तीन वर्षे पहाटे साडेपाचला मैदानावर हजर राहिला, महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचला आणि तिथेही टिकला, तो या सगळ्याला गाणी ऐकण्याच्या आवडीशेजारी नेऊन बसवतो. मुलाखतीत ‘खेळाने काय शिकवले?’ असे विचारले की शिस्त, संघभावना, नेतृत्व आणि चिकाटी हे चार शब्द एका दमात येतात आणि विषय तिथेच संपतो. आयुष्यात कधी मैदानावर न उतरलेला उमेदवारही हे चार शब्द तितक्याच सहजपणे म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

खेळ विद्यार्थ्याला नोकरीसाठी तयार करतो, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ही तयारी आपोआप कागदावर उतरत नाही आणि आपोआप कामातही उतरत नाही. आपल्याला नेमके काय येते हे आधी ओळखावे लागते, मग त्याची नोंद ठेवावी लागते आणि शेवटी ज्याने तो खेळ कधी पाहिलेला नाही अशा माणसाला ते कळेल अशा भाषेत सांगावे लागते. हे काम शेवटच्या सत्रात सुरू केले तर उशीर झालेला असतो. म्हणून पुढचे मार्गदर्शन पहिल्या वर्षाच्या खेळाडूने वाचावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आधी एक हिशेब स्वच्छ करून घ्यावा. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये, तेव्हापासून मातीतल्या खेळांत पैसा आला हे खरे. पण अल्टिमेट खो-खोचे संघ सहा, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधून दरवर्षी बाहेर पडणारे खो-खोपटू किती, याचा अंदाज ज्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची भाग्यपत्रिका (कोणत्या संघाचा सामना कोणाशी, याचा तक्ता) पाहिली आहे त्याला सहज येईल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर व महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे होते, याचा प्रत्येक खो-खोपटूला अभिमान वाटतो. तरीही त्या पातळीला पोहोचणारे बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि बाकीच्यांना पदवीच्या आधारावर कुठेतरी कामाला लागायचे असते. मी त्या बाकीच्यांपैकीच एक आहे.

काय येते, ते नेमके ओळखा

खो-खोचेच उदाहरण घेतो, कारण मी तोच खेळलो. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही आणि मध्यपाटीही ओलांडता येत नाही. अडला की त्याने बसलेल्या सोबत्याला पाठीमागून हात लावून, पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘खो’ म्हणायचे आणि त्याची जागा घ्यायची. बसलेला खेळाडू खो मिळण्याआधी उठला तर फाउल होतो, आणि मिळाल्यावर क्षणभर रेंगाळला तर संरक्षक, म्हणजे पळणारा प्रतिस्पर्धी, हूल देऊन निसटतो. म्हणजे हात जमिनीला टेकवून, पाय मोडीत ठेवून, आपल्या पाठीमागे काय चालले आहे याचा कानोसा घेत बसायचे, आणि दुसऱ्याने अर्धे केलेले काम त्याच्या वेगाला धक्का न लावता पुढे न्यायचे, हे या खेळाचे खरे मर्म आहे. प्रेक्षकांना खांबावरचा सूर दिसतो. सामना मात्र खो किती स्वच्छ पडतात यावर ठरतो.

कारखान्यात दर आठ तासांनी हेच घडते. खो-खोत संघाच्या आक्रमणाच्या किंवा संरक्षणाच्या वेळेला पाळी म्हणतात, आम्हीही कामाच्या आठ तासांना पाळीच म्हणतो. जाणाऱ्या पाळीचा माणूस ‘चार नंबरचे मशीन बंद आहे’ एवढेच सांगून घरी गेला, तर येणारा माणूस त्याने आधीच करून पाहिलेल्या तीन गोष्टी पुन्हा करून पाहतो आणि दोन तास वाया जातात. आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवताना ते ठरल्या जागी, ठरल्या वेळी आणि ऐकू जाईल असे सोपवायचे असते, हे खो-खोपटूच्या अंगात भिनलेले असते. पण ‘मला हे येते’ असे म्हणण्याऐवजी तो ‘संघभावना’ असा शब्द वापरतो, आणि ते कसब त्या शब्दाखाली झाकून जाते.

प्रत्येक खेळात असे काहीतरी असते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांत गुण घ्यायचा की सुखरूप परतायचे याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत तो निर्णय नियमानेच त्याच्यावर येऊन पडतो. लांब पल्ल्याच्या धावपटूला सहा महिन्यांनंतरच्या शर्यतीसाठी आजचा वेग आवरून धरता येतो. यष्टिरक्षकाला दिवसभर लक्ष टिकवता येते. स्वतःच्या खेळाबद्दल असे एक वाक्य लिहून पाहावे, ज्यात शिस्त, नेतृत्व, चिकाटी यांपैकी एकही शब्द नसेल. ते वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नये.

खेळाडूंकडे असलेली आणि त्यांना स्वतःला क्वचितच दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चारचौघांत चूक दाखवून घेण्याची सवय. प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून नाव घेऊन ओरडतात, आणि खेळाडू वाद न घालता पुढच्याच चेंडूवर किंवा चढाईवर सुधारणा करतो. कार्यालयात नव्याने आलेल्या किती जणांना वरिष्ठांची एक साधी दुरुस्ती दोन दिवस पुरते, हे मी पाहिले आहे. माझ्या मते खेळाडूला नोकरीत मिळणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, नेतृत्वाचा नव्हे.

नोंदवही ठेवा

स्मरणावर विसंबू नये. दोन वर्षांनी सामन्याचा निकाल आठवतो, पण आपण काय केले ते आठवत नाही. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक स्पर्धेनंतर त्याच रात्री अर्धे पान लिहावे: कुठे, कोणाशी, काय अडचण आली, आपण कोणता बदल केला आणि त्याने काय फरक पडला. खो-खोपटूंची तर सोय आहे, कारण गुणपत्रकावर प्रत्येक संरक्षकाची वेळ आणि प्रत्येकाने टिपलेले गडी नोंदवलेले असतात. ‘१ मिनिट ५० सेकंद संरक्षण, ३ गडी’ ही नोंद उद्या अर्जात वापरता येते. सामना संपल्यावर गुणपत्रकाचे छायाचित्र घ्यायला अर्धे मिनिट पुरते.

सरावाच्या नोंदी सामन्यांच्या नोंदींपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे. मुलाखतीत आम्हाला पदकापेक्षा सुधारणेत रस असतो, आणि सुधारणा सरावात होते.

खेळाबाहेरची कामे मागून घ्या

महाविद्यालयाच्या जिमखान्यात काम करणारे हात नेहमी कमी असतात, आणि बहुतेक खेळाडू सराव संपताच निघून जातात. तिथे थांबावे. संघाचा व्यवस्थापक म्हणून बाहेरगावी जाणाऱ्या सोळा-सतरा जणांचे पात्रता अर्ज भरणे, प्रत्येकाची दहावी-बारावीची गुणपत्रके व ओळखपत्रे गोळा करणे, आरक्षण करणे, भत्त्याचा हिशेब ठेवणे, परतल्यावर पावत्या लावून लेखा विभागाकडून बिल मंजूर करून घेणे, हे सर्व म्हणजे एखाद्या कंपनीतल्या कनिष्ठ अधिकाऱ्याचे वर्षभराचे शिक्षण आहे. लेखा विभागाने एकदा बिल परत पाठवले की कागद नीट लावण्याचे महत्त्व कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे यजमानपद आपल्या महाविद्यालयाकडे आले तर ती संधी सोडू नये. आदल्या संध्याकाळी दोरी लावून मैदान आखायचे, फक्की (पांढरी पूड) मारायची, खांब रोवून त्यांची उंची मोजायची. सकाळी पंचांच्या चहापासून त्यांच्या मानधनाच्या पाकिटांपर्यंत सगळे वेळेवर पोहोचवायचे. आणि दहाचा सामना साडेदहापर्यंत सुरू झाला नाही तर दुपारचे सामने कसे बसवायचे, हे उभ्या उभ्या ठरवायचे. आमच्या वेळी अशाच एका स्पर्धेत पाण्याचा टँकर आलाच नाही. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि पाण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. टँकर सांगितला होता, पण आदल्या दिवशी पुन्हा विचारून खात्री केली नव्हती. शेजारच्या वसतिगृहातून पिंपे भरून आणेपर्यंत पहिले दोन सामने तहानलेल्या संघांनी खेळून संपवले. पुरवठादाराला आदल्या दिवशी फोन करण्याची माझी सवय त्या सकाळपासूनची आहे.

राखीव खेळाडूंनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. राखीव बसणे म्हणजे वर्ष फुकट जाणे नव्हे. जो खेळाडू बाहेर बसून प्रतिस्पर्ध्यांची साखळी कुठे तुटते हे पाहतो आणि मध्यंतरात ते कर्णधाराला सांगतो, तो निरीक्षणाचे आणि विश्लेषणाचेच काम करत असतो. मुलाखतीत ‘मी राखीव होतो’ असे सांगताना खाली मान घालणारे उमेदवार भेटतात, तेव्हा मला वाईट वाटते. राखीव असूनही तीन वर्षे एकही सराव न चुकवणाऱ्या माणसाबद्दल मला वेगळे काही विचारण्याची गरज उरत नाही.

अभ्यासाशी वैर घेऊ नका

विद्यापीठांच्या स्पर्धांचा हंगाम आणि सत्र परीक्षा अनेकदा एकमेकांवर येतात. भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या विद्यापीठांच्या देशपातळीवरील संघटनेच्या स्पर्धा आधी विभागवार आणि मग अखिल भारतीय पातळीवर होतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की सराव शिबिर, प्रवास आणि स्पर्धा मिळून तीन आठवडे सहज जातात. यावर उपाय एकच आहे: जाण्याआधी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना स्वतः भेटून, क्रीडा संचालकांचे पत्र देऊन, कोणते प्रात्यक्षिक आणि कोणती अंतर्गत चाचणी बुडणार आहे आणि ती कधी भरून काढता येईल, हे लेखी ठरवून घ्यावे. परत आल्यावर दयेची याचना करणे आणि जाण्याआधी नियोजन मांडणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी पद्धत ज्याला जमते, त्याला नोकरीत वरिष्ठांशी मुदतीबद्दल बोलणेही जमते.

‘खेळाडू आहे, सांभाळून घ्या’ या वाक्यावर पदवी काढणारे विद्यार्थी आणि त्यांना तसे करू देणारी महाविद्यालये, दोन्ही त्या विद्यार्थ्याचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. अनिल कुंबळे यांनी बंगळुरूच्या आर. व्ही. महाविद्यालयातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, ती कसोटी क्रिकेट सुरू झालेले असताना. सगळ्यांना ते जमेल असे नाही. मात्र अशक्य आहे असे म्हणण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमांचे श्रेयांक आले आहेत आणि क्रीडा हा त्यातला एक पर्याय आहे, तो जरूर घ्यावा. उन्हाळ्याच्या सुट्टीतले चार आठवडे मात्र एखाद्या प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावेत, कारण केवळ मैदानाचा अनुभव असलेल्या अर्जाला शेवटी एक बाजू लंगडीच राहते.

अर्जात आणि मुलाखतीत कसे मांडावे

खेळ ‘छंद’ या शीर्षकाखालून काढून ‘अनुभव’ या शीर्षकाखाली आणावा. ‘महाविद्यालयाच्या खो-खो संघाचा कर्णधार होतो’ असे लिहिण्याऐवजी ‘महाविद्यालयाच्या पंधरा जणांच्या संघाचा दोन वर्षे कर्णधार, आठवड्यात सहा दिवसांच्या सरावाचे वेळापत्रक आखणे, नवीन पाच खेळाडूंना तयार करणे आणि बाहेरगावच्या चार स्पर्धांचा प्रवास व खर्च सांभाळणे’ असे लिहावे. आकडे खरे असावेत आणि लहान असले तरी चालतील. विभागीय स्पर्धेत खेळले असाल तर तेच लिहावे; ‘राष्ट्रीय खेळाडू’ असे लिहून पुढे प्रमाणपत्र दाखवता न आलेले उमेदवार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बाकीच्या अर्जावरचाही विश्वास तिथेच उडतो.

मुलाखतीसाठी तीन प्रसंग तयार ठेवावेत: एक अपयशाचा, एक मतभेदाचा, एक सुधारणेचा. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता यावा, त्यात ‘आम्ही’ कुठे संपतो आणि ‘मी’ कुठे सुरू होतो हे ऐकणाऱ्याला कळावे, आणि खेळाचे नियम समजावण्यात त्यातली दीड मिनिटे जाऊ नयेत. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मला जे उत्तर दिले ते अजून लक्षात आहे. तिने सांगितले, की एका पाळीत त्यांच्या संघाचे सात-आठ फाउल होत होते आणि सगळ्या जणी वेग वाढवण्याचा सराव करत होत्या. तिने मोबाइलवर घेतलेले चित्रण संथ करून पाहिले, तेव्हा बहुतेक फाउल उशिरा दिलेल्या खोचे निघाले, म्हणजे धावणाऱ्या खेळाडूचा पाय बसलेल्या खेळाडूच्या जागेतून जाणारी आडवी पाटी सोडून गेल्यावर खो पडत होता. तिने प्रशिक्षकांना विचारून दहा दिवस वेगाचा सराव थांबवला आणि फक्त खो देण्याच्या जागेचा सराव घेतला. पुढच्या स्पर्धेत फाउल तीनवर आले. सामना त्या हरल्याच, हेही तिने लपवले नाही.

दोष कुठे आहे हे मोजून शोधणे, सगळे ज्या दिशेने धावत आहेत ती चुकीची असल्याचे सांगण्याचे धैर्य दाखवणे आणि वरिष्ठांची संमती घेऊन मग बदल करणे, गुणवत्ता विभागाला याहून वेगळे काय हवे असते? आम्ही तिला त्याच विभागात घेतले.

खेळातल्या काही सवयी नोकरीत आड येतात, त्याचीही तयारी ठेवावी. मैदानावर शिट्टी वाजते आणि निकाल लागतो. कार्यालयात महिनोन्महिने निकाल लागत नाही, आणि टाळ्या तर जवळजवळ नसतातच. मैदानावर प्रशिक्षक सांगतील तसे करायचे असते. कार्यालयात बऱ्याचदा काय करायचे हे स्वतःच ठरवून विचारायला जायचे असते. महाविद्यालयात ज्याला पाहून कनिष्ठ मुले उठून उभी राहत, त्याला पहिल्या महिन्यात छायाप्रती काढायला सांगितले की ते लागते. मुलाखतीत ‘तुमची उणी बाजू कोणती?’ असे विचारले, तर यांपैकी जे आपल्याला लागू असेल ते प्रामाणिकपणे सांगावे.

आरक्षण आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आरक्षण आहे. त्याचे सुधारित धोरण १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात आणि त्यानंतरच्या सुधारणांत आहे, आणि कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी व कोणता क्रमांक लागतो, हे त्यात ठरवलेले आहे. या आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची संख्या मोठी असते, म्हणून स्पर्धा झाली की लगेच त्या मार्गाला लागावे. केंद्र सरकारच्या गट क पदांवरील क्रीडा भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व ही स्वतंत्र पात्रता मानली जाते. त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्रावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखांची सही लागते. ते अधिकारी निवृत्त झाल्यावर जुन्या संघाची यादी शोधत फिरण्यापेक्षा सही त्याच वर्षी घेतलेली बरी.

प्रमाणपत्रावरचे नाव दहावीच्या गुणपत्रकाशी अक्षरशः जुळते का, हे हातात घेतल्या क्षणी तपासावे. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, एवढ्या फरकावरही पुढे प्रतिज्ञापत्रे करावी लागतात. मूळ प्रत घरी, स्कॅन केलेली प्रत स्वतःच्या ई-मेलवर, आणि निवडपत्र, संघाची यादी व गुणपत्रक त्याच फाइलमध्ये ठेवावे.

या आरक्षणाचा आधार घ्यावा, पण त्याच्या भरवशावर बसू नये. क्रिकेटपटू अजित वाडेकर यांच्या पिढीला स्टेट बँकेसारख्या संस्थांनी नोकरी दिली, ती त्यांनी कार्यालयाच्या संघातून खेळावे म्हणूनही होती, आणि तो काळ आता बराच आटला आहे. आज खेळाडू म्हणून दार उघडले तरी आत गेल्यावर काम इतरांइतकेच करावे लागते. एका जागेसाठी चार-चार वर्षे जाहिरातीची वाट पाहत बसलेले चांगले खेळाडू मला माहीत आहेत. त्यांनी दरम्यानच्या काळात कुठेही काम केलेले नसते, आणि ती मोकळी वर्षे पुढे प्रत्येक मुलाखतीत विचारली जातात.

शेवटच्या सत्रात दोन कामे उरतात. आपल्याच संघातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आणि आता नोकरीत असलेल्या चार ताई-दादांना भेटून त्यांच्या कामाचा दिवस कसा जातो ते विचारावे, आणि प्रशिक्षकांकडून शिफारसपत्र घ्यावे. पत्र मागताना आपल्या नोंदवहीतले दोन प्रसंग त्यांना दाखवावेत, म्हणजे ‘होतकरू व मेहनती खेळाडू’ या छापील वाक्याऐवजी ते त्या प्रसंगांबद्दल लिहितील. नोकरी लागल्यावर खेळ सुरू ठेवायचा असेल, तर तसे रुजू होतानाच सांगावे आणि वर्षाच्या स्पर्धांच्या तारखा वरिष्ठांना आधी द्याव्यात. आमच्याकडे एक मुलगा दर जानेवारीत तारखांचा कागद आणून देतो, आणि त्याची रजा आजवर कोणी अडवलेली नाही.